बिनाचिंधीचा डबा

"या देऊळगाव राजाच्या स्टँडवरून एकतीस वर्षांत एक डबा चुकीच्या हातात गेला नाही," कचरूभाऊ म्हणाले. "सूर्य चुकला असंल एखाद्या रोजी. मी नाही चुकलो."

"एक गेला," जनकाबाई आतून म्हणाल्या.

कचरूभाऊंचा डावा पाय त्या वेळी प्लास्टिकच्या टबात होता, आणि धम्मशीला, त्यांची मुलगी, समोर पाटावर बसून अंगठ्याची पट्टी भिजवून सोडवत होती. वरचं वाक्य त्या घरात आठवड्यातून दोनदा तरी उच्चारलं जाई, आणि आतून "एक गेला" इतक्या नेमाने येई की नवख्या माणसाला तो त्या वाक्याचाच शेवट वाटावा. कचरूभाऊ त्यावर काही बोलत नसत. आजही टबातल्या पाण्याकडे पाहत राहिले.

नवी चप्पल घासल्याचं निमित्त होऊन अंगठ्याला झालेली जखम सात आठवडे भरत नव्हती. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर अशीच राहिली तर अंगठा ठेवता येईल की नाही सांगता येत नाही. इन्सुलिन सुरू करा, आठवड्याच्या आत. ही गोष्ट झाली गेल्या सोमवारी. आज रविवार. इन्सुलिनचं पेन फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, सहा दिवसांपासून उभं होतं.

"निवृत्तीले सुई लागली चैतात," कचरूभाऊ म्हणाले, "अन् तो गेला आखाडात."

निवृत्ती त्यांचा धाकटा भाऊ. सुई लागण्याआधी नऊ वर्षं त्याने डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं, हा भाग कचरूभाऊंच्या गोष्टीत येत नसे. गोष्ट चैत्रात सुरू होई.

"बाबा, काका सुईनं नाही गेले. उशिरानं गेले."

"तू तुह्या सायन्सचं सांग. सुईचं मले नको सांगू."

खरं तर सायन्सचं सांगणंच अवघड होतं. धम्मशीला सहा वर्षं विद्यापीठात पीएचडी करत होती आणि येत्या शुक्रवारी तिची तोंडी परीक्षा होती. गावात कोणी विचारलं, "पोरगी काय करून राह्यली, कचरूभाऊ?" तर ते सांगत, "सायन्स." पुढे कोणी "सायन्समधी काय?" असं विचारलंच, तर ते लगबगीने फलाटाला लागणाऱ्या गाडीकडे वळत. ते स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते तोवर हे चालून गेलं. निवृत्त झाल्यावर ही सोय राहिली नाही.

आणि मुलीचा विषय होता नेमका इन्सुलिनचा. पेशीच्या आत इन्सुलिन कसं घडतं, ते घडवणारा माल योग्य जागी कसा पोचतो, याची माहिती असलेल्या जगातल्या मोजक्या लोकांत तिची गणना करता आली असती. फ्रीजपासून खाटेपर्यंत एक पेन मात्र तिला पोचवता येत नव्हतं.

"बाबा, इन्सुलिन काही परकं नाही. तुमच्याच अंगात बनते ते."

"मंग बाहेरून काऊन?"

"तिथं आता कमी पडून राह्यलं. पोटाच्या मागं स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. त्या ग्रंथीत ज्या विशिष्ट पेशी असतात, त्या पेशींमध्ये..."

कचरूभाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. विभागीय कार्यालयाचे साहेब परिपत्रक वाचून दाखवत तेव्हा ते असेच खिडकीबाहेर पाहत. धम्मशीला थांबली. शुक्रवारसाठी तिने बेचाळीस स्लाइड तयार केल्या होत्या, आणि त्यातली पहिलीही या खिडकीच्या पलीकडे जाणार नव्हती.

तिने ओला कापूस बाजूला ठेवला. भिंतीवर, खुंटीला, तिचा बारावीतला तीन खणी डबा टांगलेला होता. त्यात आता जनकाबाई सुईदोरा ठेवत. कडीला एक पांढरी, पिवळट पडलेली चिंधी अजून होती.

"बाबा, चिंध्यांची पद्धत तुमीच काढली होती ना?"

कचरूभाऊ खिडकीतून परत आले.

"मंग कोण काढंल? डेपो मॅनेजर?"

ही पद्धत सांगायला त्यांना कधी वेळ कमी पडला नाही. तेव्हा चिखलीला, जालन्याला, बुलढाण्याला खोल्या करून शिकणाऱ्या पोरापोरींना गावाहून डबे जात. खेड्यांतून पहाटेच्या गाड्यांनी डबे देऊळगावच्या स्टँडवर उतरत, आणि तिथून ज्याच्या त्याच्या गावच्या गाडीत चढत. रोजचे चाळीस, कधी पन्नास. वर नाव लिहिलं तर वरण सांडून पुसलं जाई. चिठ्ठी चिकटवली तर घामाने निघे. आणि बऱ्याच आयांना लिहिता येत नव्हतं. तेव्हा कचरूभाऊंनी फर्मान काढलं की प्रत्येकीने आपल्या लुगड्याची एक चिंधी डब्याच्या कडीला बांधायची.

"पोरगं शाळेत सतरा गोष्टी चुकंल," ते म्हणाले, "मायच्या लुगड्याले नाही चुकत. अन् मले बी पाठ झालं होतं. जांभळी ठिपक्याची, जालना. हिरवी काठाची, चिखली. मी कधी वाचलं नाही. हात लागला की कळे."

"पेशीत बी असंच असते," धम्मशीला म्हणाली.

"काय असते?"

"चिंधी. कोणी वरून चिकटवत नाही. जी वस्तू पाठवायची, तिच्याच अंगाचा एक तुकडा असते. शेपटीसारखा. तो ज्याच्या हाताला लागतो त्याला कळते, ही वस्तू कोणत्या डब्यात जाणार. वाचत कोणीच नाही."

कचरूभाऊंनी टबातला पाय जरा हलवला. "किती डबे असतात?"

"एका पेशीत? नुसते इन्सुलिनचेच दहा हजारांच्या घरात."

"अन् पेशी केवढी?"

"मोहरीच्या दाण्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभरेक ओळीनं बसतील एवढी."

"स्टँड केवढं म्हणून राह्यली तू?"

"मोहरीवर शंभर स्टँडं, बाबा. एकेका स्टँडावर दहा हजार डबे."

पन्नास डब्यांसाठी कचरूभाऊंना तेव्हा मागची खोली आणि दोन बाकडी लागत, आणि तरी गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, फलाटावर ठेवावे लागत. त्यांनी, उगीच, मोहरी कशी दिसते ते आठवत असल्यासारखी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली.

धम्मशीलाने जखम कोरडी करायला घेतली आणि बोलत राहिली. आता तिला बेचाळीस स्लाइड आठवत नव्हत्या. इन्सुलिन सरळ तयार होत नाही, ती म्हणाली. आधी एक लांब दोरी तयार होते. मधला तुकडा कापून काढला की दोन टोकं उरतात, एकमेकांना टाके घातलेली, ते इन्सुलिन. कापायला कातरी लागते. कातरीही त्याच पेशीत, त्याच कारखान्यात तयार होते.

"मी त्या कातरीवर काम करते, बाबा. ती तिच्या जागी कशी जाते, ते."

"कातर कोणत्या डब्यात जाते?"

"त्याच. दोरीच्याच डब्यात."

कचरूभाऊंच्या कपाळाला आठी पडली. गाडीच्या टपावर कोणी गॅसचं सिलिंडर चढवताना दिसलं की पडायची, ती.

"मंग ती कारखान्यातच काऊन नाही कापून टाकत सगळं? पोचेपर्यंत कोण धरून ठेवते तिले?"

धम्मशीलाचा हात थांबला. सहा वर्षांपूर्वी तिच्या गाइड मॅडमनी पहिल्या आठवड्यात तिला नेमकं हेच विचारलं होतं, आणि तिचा सगळा प्रबंध या प्रश्नावर उभा होता. त्यानंतर तीन समित्यांपुढे ती उभी राहिली. एका समितीने समासाची रुंदी विचारली, दुसरीने वेळेत या म्हणून सांगितलं, तिसरीत चहा चांगला होता. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"ती बंद असते," ती हळू म्हणाली. "तिच्याच अंगाचा एक तुकडा पात्यावर घडी घालून बसते. म्यानावाणी. कारखान्यातून ती म्यानातच निघते. मग डबा वाटेनं हळूहळू आंबट होत जाते. पुरेसा आंबट झाला की कातर आधी आपलंच म्यान कापते. अन् मग कामाले लागते. एक मिनिट आधी नाही, एक गल्ली आधी नाही."

पिठाचे हात तसेच घेऊन जनकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"विरजण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुले दही लागे ना चिखलीले. मी काय दही पाठवत होती का? त्या रस्त्यानं दह्याचं पाणी झालं असतं. मी दूधच पाठवत होती. कोमट दूध, अन् नखाएवढं विरजण. घरून दूध निघे. तू दुपारी शाळेतून येऊन डबा उघडे तवा दही."

एवढं सांगून त्या भाकरी करपू नये म्हणून आत गेल्या. धम्मशीलाने पट्टीच्या पुड्याचा कागद उलटा करून त्यावर पेन्सिलीने 'विरजण' असं लिहिलं आणि कागद खिशात ठेवला.

मग तिने मोबाइल काढला आणि वडिलांच्या हातात दिला.

पडदा काळा होता. त्या काळ्यात बारीक धागे पसरलेले, गावातून निघणाऱ्या रस्त्यांसारखे, आणि धाग्यांवरून हिरवे ठिपके चाललेले. काही भरधाव. काही रमतगमत. एक जागी दहाबारा ठिपक्यांची गर्दी, तिथून एकेक सुटून बाहेर पडणारा.

"हे काय आहे?"

"जिती पेशी. कातरीले मी हिरवा दिवा लावला, दिसावी म्हणून. हे डबे चालले."

कचरूभाऊंनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि ते ताठ बसले. पाय टबाबाहेर आला होता आणि फरशीवर पाणी ठिबकत होतं, ते त्यांच्या लक्षात नव्हतं. चित्रफीत चाळीस सेकंदांची होती. संपली की धम्मशीला ती पुन्हा सुरू करी. आठनऊ वेळा केली. घरात फक्त भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"ही थांबली," ते एकदा म्हणाले. मग, "निघाली." मग पुष्कळ वेळाने, "ही परत फिरली पाह्य. रिकामी असंल."

धम्मशीला वाकून पाहू लागली. उजव्या कोपऱ्यातला एक ठिपका खरोखरच उलटा चालला होता, गर्दीकडे. ही चित्रफीत तिने दोनशे वेळा पाहिली असेल. त्या ठिपक्याकडे तिचं लक्ष कधी गेलं नव्हतं.

"कंट्रोलर कुठं बसते?" कचरूभाऊंनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा."

"असंल कुठंतरी. बाजूले. केबिनीत."

"नाही. कोणीच नाही."

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं काचेमागे बसून, माईक तोंडाशी धरून, 'मेहकर-जालना गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे' असं सांगितलं होतं. आपण सांगितलं नाही तर गाडी लागणार नाही याची त्यांना मनोमन खात्री होती. इथे हजारो गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, आणि कोणी काही सांगत नव्हतं. एकमेकांना धडकत नव्हत्या. कोणी कोणावर हॉर्न वाजवत नव्हतं.

"अन् माह्या आत बी हेच?"

"हेच. आत्ता. तुमी बोलून राह्यले तरी."

कचरूभाऊंनी तळहात बनियनवरून पोटावर ठेवला. जुनी गाडी घाट चढून आल्यावर ड्रायव्हर बॉनेटवर ठेवतो तसा. बराच वेळ तो तिथेच होता.

"चौसष्ट वर्षं," ते म्हणाले. "मले कोणी सांगितलं नाही."

मग, हात न काढता: "अन् चिंधी सुटली तर?"

"तेच तर मी पाह्यलं. कातरीची शेपटी मीच कापून टाकली, अन् मग कुठं जाते ते पाह्यलं. ती मग नेमक्या डब्यात जात नाही. पेशीचा एक दरवाजा रात्रंदिवस उघडा असते, किरकोळ मालासाठी. तिथून निघून जाते. काम न करता."

"पहिल्या सुटणाऱ्या गाडीत," कचरूभाऊ म्हणाले.

हाही त्यांचाच नियम होता. बिनाचिंधीचा डबा स्टँडवर ठेवून घ्यायचा नाही, नासतो. पहिल्या सुटणाऱ्या गाडीत टाकायचा. कोणाच्या तरी पोटात जाईल. नियम करताना त्यांना वाटलं होतं, हा नियम जगात आपणच प्रथम केला.

"तसाच गेला होता तो," जनकाबाई आतून म्हणाल्या. या वेळी आवाज रोजच्यासारखा नव्हता.

कचरूभाऊंनी मोबाइल परत दिला.

तो डबा त्यांच्याच घरचा होता. धम्मशीलाचा बारावीचा शेवटचा पेपर होता, म्हणून जनकाबाईंनी पहाटे उठून मटण केलं आणि चिखलीसाठी डबा भरला. चिंधी घाईत बांधलेली. स्टँडवर ती सुटून पडली. त्या दिवशी कचरूभाऊंची रजा होती आणि बदली माणसाने नियम पाळला. पहिली सुटणारी गाडी खामगावची, चिखलीवरूनच जाणारी. डबा चिखलीला कोणी उतरवला नाही. पुढे उंद्रीला कंडक्टरने तो, उंद्रीला रोज एक डबा घेणारा एकच माणूस होता म्हणून, त्या माणसाला दिला.

तो माणूस म्हणजे गुलाबराव गुरुजी. उंद्रीच्या शाळेत नोकरीला, बिऱ्हाड देऊळगावात, गळ्यात तुळशीची माळ. घरात कांदा-लसूणही एकादशी पाहून शिरत असे.

दोन दिवसांनी डबा परत आला. घासलेला. रिकामा डबा परत पाठवू नये म्हणून आत मूठभर शेंगदाणे. कडीला धोतराची पांढरी चिंधी. त्याबद्दल गुरुजी काही बोलले नाहीत, आणि कचरूभाऊंनी सोळा वर्षांत विचारलं नाही.

"घ्या मग आता सुई," धम्मशीला म्हणाली. "सगळं कळलं ना?"

"कळलं. लई मोठी गोष्ट आहे. याच्यापुढं रेल्वे काहीच नाही." कचरूभाऊंनी पाय खाटेवर घेतला. "पण सुई नाही. गोळी दे."

"गोळी पोटात गेली की संपलं. जठरात नुसत्या कातऱ्याच कातऱ्या आहेत. इन्सुलिनचे तुकडे तुकडे करून टाकतील."

"तिथं बी कातऱ्या," कचरूभाऊ आदराने म्हणाले. त्यांनी पोटाकडे नव्या नजरेने पाहिलं. पण सुई नाही म्हणजे नाही.

धम्मशीला उठून मागच्या अंगणात गेली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढू लागली. वाळले नव्हते तेही काढले.

साडेपाचला गुलाबराव गुरुजी आले. रोजच येत. दारातून त्यांनी "जय भीम, कंट्रोलर साहेब," म्हटलं आणि कचरूभाऊंनी "रामकृष्ण हरी, गुरुजी," म्हटलं. सुरुवातीला कधीतरी हे एकमेकांच्या मानाखातर झालं असावं. आता दोघांनाही उलट म्हणायला जमलं नसतं. गुरुजींच्या खिशात दोन पेनं असत. एक शाईचं आणि दुसरं इन्सुलिनचं.

जनकाबाईंनी बिनसाखरेचा चहा आणला.

"गुरुजी, तुमीच सांगा बाबांना," धम्मशीला म्हणाली. "किती वर्षं झाली तुमाले सुई घेऊन?"

"बारा."

"काही झालं?"

"झालं असतं तर पेन्शन ऑफिसने कळवलं असतं," गुरुजी म्हणाले. "ते लोक दर नोव्हेंबरात मला विचारतात, जिवंत आहात का. मी हो म्हणतो. पुरावा लागतो, तोही देतो."

"तुमची गोष्ट वेगळी," कचरूभाऊ म्हणाले. "तुमी नेमाचे माणसं."

नेमाचे या शब्दावर गुरुजींनी बशीत चहा ओतला आणि तो गार असूनही फुंकला. कचरूभाऊ ते पाहत होते. मग त्यांनी खुंटीवरच्या डब्याकडे पाहिलं. नवी पट्टी बांधलेला पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला, जसं काही लांबच्या प्रवासाला बसायचं होतं.

"गुरुजी, एक विचारू? खरं सांगायचं. खरं सांगितलं तर मी आत्ताच्या आत्ता सुई घेतो."

"आणि खोटं सांगितलं तर?"

"मले कळंल. एकतीस वर्षं पाशिंजरायचे तोंडं पाह्यले."

"विचारा."

कचरूभाऊंना प्रश्न लगेच फुटेना. त्यांनी एकदा घसा साफ केला, दुसऱ्यांदा केला.

"त्या डब्याचं काय केलं होतं तुमी?"

जनकाबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. धम्मशीला फ्रीजकडे निघाली होती, ती अर्ध्यात थांबली. कोणता डबा, असं गुरुजींनी विचारलं नाही.

"कुत्र्याले घातला असंल तर तसं सांगा," कचरूभाऊ म्हणाले. "चालते. मले फक्त कळू द्या."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. माळेच्या मण्यावर बोट गेलं, तिथेच राहिलं.

"उघडला," ते म्हणाले, "आणि वास आला. कळलं, आपला नाही. झाकण लावलं. माझाही डबा आला होता. त्यात दोडका होता."

गुरुजींनी बशी जरा दूर सारली.

"दोन डबे समोर ठेवून घटकाभर बसलो. पुन्हा उघडला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा..." ते थांबले. "तेव्हा माळ काढून खुंटीला अडकवली."

"अन्?"

"आणि जेवलो."

"सगळं?" जनकाबाईंनी विचारलं.

"सगळं, वहिनी."

"हाडं?"

"चोखली." गुरुजी फरशीकडे पाहत होते. "मग डबा घासला. अंघोळ केली. माळ घातली. दोडका गाईला दिला. गाईनेही थोडा ठेवला."

कचरूभाऊ त्यांचं तोंड निरखत होते. एकतीस वर्षं निरखली तशी.

"कोणाचा डबा होता, हे तवा माहीत होतं?"

"जेवताना नाही. दुसऱ्या दिवशी कंडक्टरने सांगितलं."

"मंग?"

"मग काय, कचरूभाऊ. शेंगदाणे भरले. धोतर फाडलं, चिंधी बांधली, म्हणजे डबा बरोबर घरी यावा." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "आणि त्या रविवारी तुमच्याकडे चहाला आलो."

त्या रविवारच्या आधी ते या ओट्यावर कधी चढले नव्हते, हे तिथे बसलेल्या चौघांनाही माहीत होतं. ते कोणी बोलून दाखवलं नाही. जनकाबाईंनी पदराने डोळे नव्हे, कपाळ पुसलं, आणि उगीच म्हणाल्या, "त्या दिवशी मीठ जरा जास्तच पडलं होतं."

"नव्हतं," गुरुजी ताबडतोब म्हणाले.

कचरूभाऊ भिंतीला टेकले. त्यांनी बनियन वर केली.

"आण बाई," ते म्हणाले.

धम्मशीलाने पेन आणलं, दोन्ही तळहातांत धरून त्याचा गारवा घालवला, सुई बसवली, आकडा फिरवला. दहा बारीक टकटक झाल्या. बेंबीपासून चार बोटं सोडून तिने कातडी चिमटीत धरली. कचरूभाऊ अजून गुरुजींकडेच पाहत होते.

"घाल."

"घातली."

"कवा?"

"तुमी गुरुजींकडं पाहून राह्यले होते तवा. हलू नका, दहा मोजते."

तिने दहापर्यंत मोजलं. सुई निघाली. टोचल्याची खूणही नीट दिसत नव्हती.

"पोचलं?"

"निघालं."

"त्याले चिंधी?"

"त्याचं अंगच चिंधी आहे, बाबा. ज्याचं आहे त्याले हात लागला की कळंल."

कचरूभाऊंनी मान हलवली आणि तळहात पुन्हा पोटावर ठेवला. आत कुठे, कोणत्या गल्लीत, काय चाललं होतं याची चाहूल हाताला लागत नव्हती, तरी ते ऐकत होते. त्यांच्याकडे पाहून बाकीचेही ऐकू लागले. गुरुजींनी नकळत आपल्या पोटावर हात ठेवला, जनकाबाईंनी आपल्या. आत, कोणी न सांगता, म्यानं गळून पडत होती, दोऱ्या कापल्या जात होत्या, भरलेले डबे निघत होते आणि रिकामे परत येत होते. लांब स्टँडवर चिखलीची गाडी सुटली; तिचा हॉर्न त्या शांततेतून जाऊन विरला.

गुरुजी जायला उठले. चपलेत पाय घालता घालता दारात घुटमळले.

"वहिनी."

"बोला, गुरुजी."

"त्या दिवशीसारखं पुन्हा कधी केलंत तर..."

"पाठवते की."

"पाठवा." गुरुजींनी माळ सदऱ्याच्या आत सारली. "फक्त चिंधी बांधू नका."